ईश्वराच्या दरबारी मागितलेली दाद

न्यूयॉर्कच्या एका फौजदारी न्यायालयात १३ मे १९७१ रोजी ज्यूरीच्या प्रमुखाने 'निर्दोष' हा निर्णय १५६ वेळा उच्चारला. आरोपी तेरा, प्रत्येकावरील कलमे बारा आणि प्रत्येक कलमाचा निकाल पृथक सांगणे विधीने प्राप्त, म्हणून हा उच्चार इतक्या वेळा करावा लागला. दुकाने, पोलीस ठाणी आदी ठिकाणी बॉम्बस्फोट घडवून आणण्याचा कट केल्याचा आरोप ब्लॅक पँथर पक्षाच्या ज्या २१ सभासदांवर १९६९ मध्ये ठेवण्यात आला होता, त्यांपैकी अफेनी शकूर ही चोवीस वर्षांची तरुणी त्या दिवशी आरोपींमध्ये उभी होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. तिने वकील दिला नव्हता. पक्षात सभासद म्हणून शिरलेल्या गुप्त पोलिसाची उलटतपासणी तिने स्वतः घेतली, बचावाचे भाषण स्वतः केले. जामिनावर सुटलेले दोघे सहआरोपी फरारी झाल्यामुळे तिचाही जामीन रद्द होऊन गर्भारपणातील काही काळ तिला ग्रीनिच व्हिलेजमधील स्त्रियांच्या तुरुंगात काढावा लागला होता. निकालानंतर महिनाभराने, १६ जूनला, तिला मुलगा झाला. आणि स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केल्याबद्दल १७८१ मध्ये पेरूत ज्याचा वध करण्यात आला, त्या टुपाक अमारूचे नाव तिने पुढे त्या मुलाला दिले.

मनुष्याने मनुष्याचा निवाडा करावा या व्यवहाराशी ज्याचा संबंध मातेच्या उदरात असतानाच जडला, त्या टुपाक शकूरचे पुढले आयुष्य न्यायालयाच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यातच बरेचसे गेले. रॅप या तालावर बोलल्या जाणाऱ्या काव्याचा एक थोर कवी म्हणून ज्या पाच वर्षांत त्याची ख्याती झाली, त्याच पाच वर्षांत त्याच्यावर खटले झाले, त्याने खटले केले, तो कैदेत गेला, जामिनावर सुटला, आणि लास व्हेगासच्या रस्त्यावर गोळ्या लागल्यानंतर सहाव्या दिवशी, १३ सप्टेंबर १९९६ रोजी, अवघा पंचवीस वर्षांचा असताना मरण पावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या 'ऑल आइज ऑन मी' या दुहेरी संग्रहात 'ओन्ली गॉड कॅन जज मी' या नावाचे एक गीत आहे. माझा न्याय करण्याचा अधिकार एका ईश्वराखेरीज कोणालाही नाही, ही त्यातली भूमिका. ती पुष्कळांना उद्दाम वाटते, पुष्कळांना पळवाट वाटते, आणि पुष्कळ तरुणांना ती इतकी आपली वाटते की ते तिला अंगावर गोंदवून घेतात. मला तिच्यात धर्मविचारातील एक जुना आणि अवघड प्रश्न दिसतो: ज्याच्या हातून अपराध घडले आहेत त्याला ईश्वराकडे दाद मागता येते काय, आणि येत असल्यास कोणाविरुद्ध?

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. हे वचन सत्य की असत्य, हे ते कोणासमोर उच्चारले जाते यावर ठरते. ज्या सत्तेने स्वतःच न्यायाचे दरवाजे बंद करून घेतले आहेत तिच्यासमोर उच्चारले असता ते सत्य असते, इतकेच नव्हे तर ते धर्मवचन असते. आणि ज्याचे आपल्या हातून अहित झाले त्याच्यासमोर उच्चारताच तेच वचन असत्य होते. टुपाकच्या अल्प आयुष्यात हे दोन्ही प्रसंग आले, आणि म्हणूनच त्याच्या चरित्राशी हा प्रश्न ताडून पाहण्यासारखा आहे.

ज्या समाजात तो जन्मला त्या समाजाने ईश्वराला न्यायाधीश मानले ते हौसेने मानले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यात असा निर्णय दिला की, कृष्णवर्णीय मनुष्य, मग तो गुलाम असो वा मुक्त, त्या देशाचा नागरिक होऊ शकत नाही, आणि म्हणून संघराज्याच्या न्यायालयात फिर्याद करण्याचा अधिकारच त्याला पोहोचत नाही. गुलामगिरीच्या प्रांतांत गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष ग्राह्य नव्हती. ज्याला फिर्याद करता येत नाही आणि साक्षही देता येत नाही, त्याने दाद कोठे मागावी? शेतांवर राबणाऱ्या त्या लोकांनी आपल्या भक्तिगीतांतून ती वर मागितली. मिसर देशातून दासांची सुटका करणारा, सिंहांच्या गुहेत दानिएलाला राखणारा जो देव त्यांनी आळवला, तो त्यांच्या धन्यांच्या प्रार्थनामंदिरातील देव नव्हता. आणि गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्ताला जोडलेल्या पुरवणीत ख्रिस्ताचा धर्म आणि गुलामधन्यांचा धर्म यांत इतके अंतर दाखवले आहे की, एकाला उत्तम मानावयाचे तर दुसऱ्याला अधमच मानावे लागते. याच परंपरेला विसाव्या शतकात जेम्स कोन या धर्मशास्त्रज्ञाने शास्त्राचे रूप दिले. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत अध्यापन करणाऱ्या कोनने १९६९ पासून लिहिलेल्या ग्रंथांतून एकच गोष्ट निरनिराळ्या मार्गांनी प्रतिपादिली: ईश्वर तटस्थ नाही, तो पीडितांच्या बाजूचा आहे, आणि जो धर्मविचार हे सांगत नाही तो ख्रिस्ताचा नव्हे.

कोनचे ग्रंथ टुपाकने वाचले होते असे मी म्हणत नाही. तो ज्या घरात वाढला त्या घराला असे ग्रंथ वाचण्याची गरजही नव्हती. मराठी वाचकाला त्या घराच्या हवेची कल्पना सहज येईल, कारण याच ब्लॅक पँथर पक्षापासून नाव आणि स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृती तरुणांनी दलित पँथर उभी केली होती, आणि तिच्या आसपास वाढलेल्या मुलांनी पोलीस, न्यायालय, तुरुंग हे शब्द कोणत्या वयात ऐकले असतील हे आपल्याला ठाऊक आहे. टुपाकचा सावत्र बाप मुटुलू शकूर १९८१ च्या एका सशस्त्र दरोड्याच्या प्रकरणात वर्षानुवर्षे फरारी होता आणि पुढे दीर्घ मुदतीच्या कैदेत गेला. धर्मपिता जेरोनिमो प्रॅट २७ वर्षे तुरुंगात राहिला, आणि १९९७ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली तेव्हा हा मुलगा मरून वर्ष होत आले होते. अशा घरातून तो बाल्टिमोरला आला आणि तेथील कलाशाळेत त्याने नाट्य, काव्य आणि बॅलेनृत्य यांचे शिक्षण घेतले, शेक्सपिअरच्या नाटकांत भूमिका केल्या. ते शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९८८ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातील मरीन सिटी या वस्तीत गेले, आणि न्यायालयात एकटीच्या बळावर उभी राहिलेली ती आई तेथे क्रॅक कोकेनच्या व्यसनात बुडाली.

सत्तेसमोर त्याची भूमिका किती खरी होती हे दाखवणारे दोन प्रसंग त्याच्या कारकिर्दीच्या आरंभीच घडले. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ओकलंड शहरात त्याने रस्ता नियमबाह्य रीतीने ओलांडला. एवढ्या कसुरीवरून दोन पोलिसांनी त्याला अडवले, त्याच्या नावाची थट्टा केली आणि त्याला गळा आवळून जमिनीवर आपटले, अशी त्याची तक्रार होती. त्याने एक कोटी डॉलरांचा दावा लावला आणि अखेर त्याच्या अल्पांशावर तडजोड झाली. पुढच्याच वर्षी टेक्सासमध्ये चोरीच्या वाहनातून जाणाऱ्या एका तरुणाने त्याला अडवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालून ठार केले, आणि आपण त्या वेळी टुपाकच्या पहिल्या संग्रहातील गीते ऐकत होतो असे त्याच्या बचावात सांगण्यात आले. अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी १९९२ च्या सप्टेंबरात ह्यूस्टन येथे जाहीरपणे म्हटले की, अशा संग्रहाला आमच्या समाजात स्थान नाही. खून करणाऱ्याच्या ज्यूरीने मात्र गीतांनी खून करविल्याचा युक्तिवाद मानला नाही. त्या तरुणाला देहदंड फर्मावण्यात आला, आणि २००५ मध्ये तो अमलात आला.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण शब्दाच्या दायित्वाचा प्रश्न लहान नाही. शब्दाने हात चालवला असे म्हणावे तर हाताचा धनी सुटतो; शब्द सर्वस्वी निर्दोष म्हणावा तर कवीच्या वाणीला काही सामर्थ्य आहे हेच आपण नाकारतो, आणि ज्याला शब्दाच्या सामर्थ्यावर श्रद्धा नाही त्याला मी कवी म्हणणार नाही. त्या संग्रहात पोलिसांविषयी द्वेष आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या संग्रहाला समाजात स्थान नाही असे म्हटले गेले, त्याच संग्रहात, वर्तमानपत्रातील एका बातमीवरून रचलेले, बारा वर्षांच्या एका मुलीचे गीत आहे. तिला दिवस जातात, तिच्या मदतीला कोणी येत नाही, आणि ती आपले अर्भक कचऱ्यात टाकते. त्या मुलीलाही समाजात स्थान नव्हते, आणि ते का नव्हते हे विचारण्याचे काम त्या काळी शासनसंस्थेतील कोणी केले असेल तर ते माझ्या वाचनात आलेले नाही. ज्या सत्तेला ही मुलगी दिसली नाही तिने या कवीचा निवाडा करू नये, असे म्हणण्याचा नैतिक अधिकार त्याला होता. आणि ओकलंडच्या रस्त्यावर ज्याचा गळा आवळला गेला त्याने या पोलिसांवर आणि या न्यायाधीशांवर दुसरा कोणी न्यायाधीश आहे असे म्हणणे, हे ड्रेड स्कॉटच्या वंशजांच्या मुखी शोभणारे, त्यांनी प्राणपणाने जतन केलेले श्रद्धावचनच होय.

आता दुसरी बाजू. २२ ऑगस्ट १९९२ रोजी मरीन सिटीतील एका उत्सवात टुपाकच्या मंडळींची काही लोकांशी चकमक उडाली, गोळी सुटली, आणि जवळच सायकल चालवणारा सहा वर्षांचा एक मुलगा तिने ठार झाला. ज्या पिस्तुलातून ती गोळी आली ते टुपाकच्या नावावर नोंदलेले होते. फौजदारी आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला नाही, आणि मुलाच्या कुटुंबाने लावलेला दिवाणी दावा १९९५ मध्ये तडजोडीने मिटला. दुसरे प्रकरण १९९३ च्या नोव्हेंबरातील. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात आपल्यावर त्याने आणि त्याच्या साथीदारांनी लैंगिक अत्याचार केल्याची फिर्याद एका तरुणीने दिली. खटल्याचा निकाल लागण्याच्या आदल्या रात्री, ३० नोव्हेंबर १९९४ रोजी, एका ध्वनिमुद्रण कार्यालयाच्या दाराशी टुपाकला पाच गोळ्या लागल्या. डॉक्टरांचा सल्ला न मानता तो रुग्णालयातून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधलेल्या स्थितीत चाकांच्या खुर्चीतून न्यायालयात आला. ज्यूरीने त्याला अधिक गंभीर आरोपांतून मुक्त केले, परंतु लैंगिक अत्याचाराच्या कलमांखाली दोषी ठरवले, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याला दीड ते साडेचार वर्षांची सजा झाली. आपण गुन्हा केला हे त्याने अखेरपर्यंत मान्य केले नाही.

मरीन सिटीतील त्या मुलाच्या आईसमोर, किंवा न्यूयॉर्कच्या त्या तरुणीसमोर उभे राहून कोणी असे म्हणू शकेल काय की, माझा न्याय फक्त ईश्वर करील? म्हणू शकेल, पण म्हणताक्षणी त्या वाक्यातला ईश्वर नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ आडोसा. हे माझ्या पदरचे मत नाही. ज्या धर्मग्रंथाच्या आधारावर टुपाक बोलत होता त्यातच हे स्पष्ट सांगितले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसऱ्याचा न्याय करू नका असे जेथे सांगितले आहे त्याच प्रवचनात, दोनच अध्याय आधी, येशूने असेही सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे तेथे आठवले, तर त्याने अर्पण वेदीसमोर तसेच ठेवून आधी भावाकडे जावे, त्याच्याशी समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण करावे. यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात प्रायश्चित्ताच्या दिवसाचे विवेचन करताना हाच विचार विधिशास्त्राच्या काटेकोरपणाने मांडला आहे: मनुष्य आणि ईश्वर यांच्यामधील पापांचे क्षालन त्या दिवशी होते; परंतु मनुष्य आणि मनुष्य यांच्यामधील पापाचे क्षालन, ज्याचा अपराध केला त्याचे समाधान होईपर्यंत, होत नाही. म्हणजे ईश्वर सर्वाधिकारी असूनही दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तो स्वतःकडे घेत नाही. ईश्वराच्या न्यायबुद्धीची याहून उदात्त कल्पना मला ठाऊक नाही.

आपल्या परंपरेत या ठिकाणी काही उणे राहिले आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, असे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर जे विवरण केले आहे ते वाचताना कोणत्याही पाप्याला धीर यावा. वाल्या कोळ्याची कथा तर आपण बाळपणापासून ऐकतो: प्रत्येक खुनामागे एक खडा, असे सात रांजण त्याने भरले, मग नारदाच्या सांगण्यावरून पापाचा वाटा कोण घेणार हे त्याने घरच्या मंडळींना विचारले, आणि कोणी घेईना तेव्हा तो तपाला बसला व वाल्मीकी होऊन उठला. या कथेत वाल्याने प्रश्न विचारला तो आपल्या बायकामुलांना. रांजणातल्या खड्यांच्या बायकामुलांना त्याने काही विचारले नाही, आणि कथेनेही त्यांची चौकशी केली नाही. महर्षीच्या पुढल्या तेजाने ते रांजण झाकले गेले. पतित पावन होतो हे आम्ही इतक्या प्रेमाने गायिले की, ज्याला त्याने पाडले तो कोठे पडला आहे हे पाहण्यास आम्हांला सवड झाली नाही.

टुपाकला मात्र हे रांजण दिसत होते, असे मानण्यास आधार आहे. लॉस एंजेलिसमधील परस्परांच्या रक्ताला तहानलेल्या टोळ्यांमध्ये १९९२ मध्ये समेट घडून आला, त्या सुमारास त्याने कैदेत असलेल्या मुटुलू शकूरबरोबर त्या रस्त्यांवरच्या माणसांसाठी २६ कलमांची एक आचारसंहिता तयार केली होती. ज्यांनी कायदा झुगारला आहे त्यांच्यासाठी कायदा करण्याचा तो प्रयत्न होता. मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना मादक द्रव्ये विकू नयेत, लढ्याशी संबंध नसलेल्या माणसाला लक्ष्य करू नये, निरर्थक क्रौर्य आणि बलात्कार थांबलेच पाहिजेत, अशा आशयाची ती कलमे होती. या संहितेचा कर्ता जेव्हा मरीन सिटीतल्या आणि हॉटेलातल्या प्रसंगांकडे वळून पाहतो, तेव्हा क्वेल यांचा किंवा कोणा न्यायाधीशाचा अधिकार त्याने नाकारला तरी त्याचे काही सुटत नाही. त्याच्या स्वतःच्या हातची कलमे त्याच्यापुढे उभी राहतात. आणि १९९५ मध्ये 'व्हाइब' मासिकाला तुरुंगातून दिलेल्या मुलाखतीत त्याने, ज्या आरोपाखाली मला दोषी ठरवले तो मी केला नाही असे सांगतानाच, त्या काळचे माझे वागणे निर्दोष नव्हते, आणि जे घडत होते ते न थांबवणे हेही काही करण्याइतकेच दोषास्पद होते, अशा अर्थाची कबुली दिली. ही कबुली अपुरी आहे. ती त्या तरुणीला उद्देशून नाही, आणि तिच्या फिर्यादीतील मुख्य गोष्ट ती नाकारतेच. तरीही गाणाऱ्यांच्या त्या जगात, जेथे कणखरपणा हेच भांडवल होते, तेवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या निष्क्रियतेला दोष म्हणावे, ही मला त्याच्या साऱ्या कीर्तीहून मोलाची गोष्ट वाटते.

ईश्वराने न्याय करावा असे म्हणताना तो नेमके काय मागत होता, हे मला त्याच्या 'डिअर मामा' या गीतावरून कळले. मार्च १९९५ मध्ये, तो तुरुंगात असताना, 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड' हा त्याचा संग्रह प्रसिद्ध होऊन अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला, आणि त्यातले हे गीत पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात समाविष्ट करण्यात आले. मुलाने आईचे उपकार स्मरावेत यात नवीन काही नाही. मातृभक्तीची गीते सर्व भाषांत आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांत आई ही निष्कलंक देवता असते. हे गीत तसे नाही. आई व्यसनी होती हे तो लपवीत नाही, तिच्या व्यसनाने घराचे काय झाले हे लपवीत नाही, पोराला शासनाच्या तुटपुंज्या मदतीवर वाढवताना तिने काय सोसले हेही विसरत नाही, आणि हे सारे एकाच दृष्टीत सामावून घेऊन तो तिला वंदन करतो. दोष पाहूनही प्रेम कमी झाले नाही, आणि प्रेम होते म्हणून दोष झाकला गेला नाही. असा निवाडा ज्यूरी करू शकत नाही, कारण ज्यूरीपुढे एका रात्रीची हकीकत असते. मुलापुढे आईचे संपूर्ण आयुष्य असते. ईश्वर हा असा न्यायाधीश असावा ही टुपाकची अपेक्षा होती: ज्याला माझे सर्व ठाऊक आहे, तुरुंगाच्या भिंतीआड आईच्या पोटात मी होतो तेव्हापासूनचे ठाऊक आहे, त्याने मला पाहावे. मायकल एरिक डायसन या धर्मोपदेशक-अभ्यासकाने २००१ मध्ये टुपाकवर लिहिलेल्या ग्रंथात त्याच्याकडे धार्मिक जिज्ञासू म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच केले आहे असे मला वाटते.

पण संपूर्णपणे ओळखले जाण्याची ही मागणी ज्या दरबारात रुजू करावयाची, तेथे मुद्दई म्हणून एकटा टुपाक उभा राहणार नाही. ज्याला टुपाकचे सर्व ठाऊक आहे त्याला त्या सहा वर्षांच्या मुलाचेही सर्व ठाऊक आहे, त्या तरुणीचेही सर्व ठाऊक आहे. पृथ्वीवरच्या न्यायालयात साक्षीदार फितूर होतात, पैशाने दावे मिटतात, निष्णात वकील कलमाची धार बोथट करतात. त्या दरबारात यांपैकी काही चालत नाही. म्हणून, खालच्या न्यायालयाचा अधिकार अमान्य करून वरच्या न्यायालयात जाणाऱ्याने हे समजून जावे की तेथील तपासणी अधिक कडक आहे. टुपाकच्या वचनाला पळवाट म्हणणाऱ्यांना आणि ते दंडावर गोंदवून निर्धास्त होणाऱ्यांना, दोघांनाही याचा विसर पडला आहे.

१९९५ च्या ऑक्टोबरात १४ लाख डॉलरांच्या जामिनावर, अपिलाचा निकाल लागेपर्यंत म्हणून, तो सुटला, आणि ज्या कंपनीच्या मंडळींनी जामीन भरण्याची व्यवस्था केली तिच्यासाठी गाऊ लागला. त्या अकरा महिन्यांचा इतिहास वाचताना मन खिन्न होते. 'व्हाइब'मधील कबुलीपासून पुढे एखादे पाऊल पडावे अशी अपेक्षा धरावी, तो प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या शिव्यांची आणि धमक्यांची गीते हाती येतात. आणि ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी, मुष्टियुद्धाचा सामना पाहून बाहेर पडताना, एका तरुणास त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी केलेली मारहाण छायाचित्रकात नोंदली जाते. काही तासांतच त्याच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या खुनाच्या आरोपाखाली पहिली अटक झाली ती २०२३ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. त्याचे स्वतःचे अपील तो मेला तेव्हा निकालात निघालेले नव्हते.

मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत प्रसिद्ध झालेल्या संग्रहाच्या वेष्टनावर तो स्वतः क्रूसावर खिळलेला दाखवलेला आहे, आणि यात ख्रिस्ताचा अनादर करण्याचा हेतू नाही असा खुलासाही त्यावर छापलेला आहे. त्या चित्रावर पाखंडाचा आरोप करण्यात आला. मी तो करणार नाही. कोनने आपल्या उत्तरायुष्यात, २०११ मध्ये, क्रूस आणि कृष्णवर्णीयांना ज्यावर फासावर लटकवले गेले ते झाड यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला, आणि ती तुलना अमेरिकेतील थोर थोर धर्मशास्त्रज्ञांना कशी सुचली नाही याबद्दल खेद व्यक्त केला. टुपाकला ती त्याच्या परीने सुचली होती. माझा मतभेद आहे तो दुसऱ्या एका चित्राशी. मृत्यूपूर्वी तयार झालेल्या आणि मृत्यूनंतर लगेच दाखवल्या गेलेल्या 'आय एन्ट मॅड अॅट चा' या गीताच्या चित्रफितीत त्याने स्वतःला गोळ्या लागून मरताना आणि स्वर्गात जाताना दाखवले आहे, आणि तेथे कृष्णवर्णीय समाजातील दिवंगत गायक-वादक-नट त्याचे स्वागत करतात. हा स्वर्ग कलावंताचा आहे, आणि कलावंत म्हणून त्याने तो मिळवला होता हे मी मान्य करतो. मरीन सिटीतला मुलगा मात्र त्या स्वर्गात नाही. ईश्वराने न्याय करावा अशी ज्याची खरोखर इच्छा आहे त्याने स्वर्गाचे चित्र काढताना हा मुलगा दाराशी उभा काढावयास हवा होता.

राहिला प्रश्न मुदतीचा. ख्रिस्ती विचारात मनुष्याला जन्म एकच, आणि पंचविसाव्या वर्षी गोळी लागली की वहीचे पान तेथेच संपते. समेटासाठी भावाकडे जाण्याचा रस्ताही तेथेच बंद होतो. आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या कल्पनेने या बाबतीत अधिक औदार्य दाखवले आहे. मात्र त्याच कल्पनेचा उपयोग करून, तू या वस्तीत, या जातीत जन्मलास तो तुझ्याच पूर्वकर्माने, असे आपण चोखामेळ्यापासून पुढे किती पिढ्यांना सांगत आलो, याचीही मला जाणीव आहे. मरीन सिटीतल्या कोणा पोराला असे सांगण्यास माझी जीभ रेटणार नाही. मागच्या जन्माचा हिशेब दाखवून या जन्मातल्या अन्यायाचे समर्थन करणारी ही शिकवण मी टाकून देतो. पुढच्या जन्मी उरलेले देणे फेडता यावे, एवढाच त्या कल्पनेचा अर्धा भाग मी ठेवून घेतो, आणि टुपाकच्या बाबतीत तो त्याला मिळावा असे मला मनापासून वाटते. ती मुदत त्याला द्यावी की नाही, याबद्दलचे पहिले मत मात्र मी त्या तरुणीला आणि त्या मुलाच्या आईला विचारीन.